रिकामी गव्हाण

आमच्या गोठ्यातला बाळ येशू डिसेंबरचे पहिले साडेतीन आठवडे कपाटात असतो. साड्यांच्या कप्प्यात, एका रुमालात गुंडाळलेला. मरिया, योसेफ, गाय, गाढव, दोन मेंढपाळ आणि एक कान तुटलेली मेंढी ही मंडळी आधीच आपापल्या जागी जाऊन बसलेली असतात. मधली गव्हाण तेवढी रिकामी. चोवीस तारखेच्या रात्री चर्चमधल्या मिस्सेहून घरी आलं, की घरातलं सगळ्यांत लहान पोर बाळाला उचलून गव्हाणीत ठेवतं. मागच्या नाताळात कप्पा उघडला तर रुमाल होता, येशू नव्हता. अर्धा तास शोधाशोध झाली. शेवटी तो धाकट्याच्या उशीखाली सापडला. "त्याला कपाटात अंधार वाटत होता," असा खुलासा त्या चार वर्षांच्या गृहस्थांनी केला. किती दिवस तो तिथे होता, हे विचारल्यावर उत्तर आलं, "कालपासून. नाही, उद्यापासून."

या वयाच्या मुलांना काल, उद्या, परवा हे शब्द येतात, पण ते नेमके कुठे ठेवायचे ते कळत नाही. "पुढच्या आठवड्यात" म्हणजे त्यांच्यासाठी "कधीच नाही". अशा मुलांना आपण नोव्हेंबरच्या अखेरीपासून सांगू लागतो, नाताळ येतोय, नाताळ येतोय. मग रोज सकाळी डोळे चोळत प्रश्न: आला का? वसईच्या वाडीतलं घर असो की जर्मनीतलं, या प्रश्नातून सुटका नाही. नाताळच्या ज्या घरगुती प्रथा मुलांना खरोखर धरून ठेवतात, त्यांतल्या बऱ्याचशा या एका प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत, असं मला वाटतं. वाट बघणं हे काही लहान मुलांना जमणारं काम नव्हे. त्याला हात लावता आला, ते मोजता आलं, त्याला पाणी घालता आलं, तर जमतं.

चर्चच्या पंचांगात या वाट बघण्याला आगमनकाळ म्हणतात. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही पडतो, म्हणून हा काळ कधी 22 दिवसांचा असतो, कधी 28. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या लावायच्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची, ही पद्धत आता आपल्याकडच्या चर्चमध्येही दिसते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार, निम्म्याहून जास्त वाट सरली म्हणून. आमच्या थोरलीला मात्र ती पहिल्याच दिवशी पेटवायची असते आणि त्यावरून दरवर्षी एक छोटं भांडण ठरलेलं असतं.

हे कडं सुरू झालं ते मुलांच्याच कटकटीतून, असं सांगतात. योहान हिन्रिक विकर्न नावाच्या पाळकाने हँबर्गमध्ये गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवला होता. तिथली मुलं त्याला रोज विचारून हैराण करत, नाताळ कधी? 1839 साली त्याने गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस छोट्या लाल मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लाल, रविवारी पांढरी. त्या वर्षी 1 डिसेंबरला रविवारच होता, त्यामुळे चोवीस मेणबत्त्यांचा हिशोब चोख बसला. ज्या मुलांना आकडे येत नव्हते, त्यांनाही अंधार किती उरला हे दिसू लागलं. पुढे घरोघरी चोवीस मेणबत्त्या कुणाला परवडणार? लाल गेल्या, रविवारच्या चार राहिल्या.

याच काळात जर्मन घरांमध्ये याहून स्वस्त उपाय होता. दारावर खडूने चोवीस रेघा ओढायच्या आणि रोज मुलाने एक पुसायची. बस्स. पुढे गेरहार्ड लांग नावाच्या एका छापखानेवाल्याला आठवलं, की लहानपणी आपली आई पुठ्ठ्यावर चोवीस खाऊ लावून ठेवायची आणि रोज एक काढून द्यायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने म्युनिकमध्ये त्याचं छापील रूप काढलं. उघडता येणाऱ्या खिडक्या त्याला नंतर आल्या, चॉकलेटं त्याहून नंतर. आता ही चॉकलेटवाली कॅलेंडरं आपल्याकडच्या मॉलमध्येही मिळतात. एकदा मीही आणलं होतं. तिसऱ्या दिवशी धाकट्याने चोवीसच्या चोवीस खिडक्या उघडून नाताळ आटोपला. तेव्हापासून आम्ही खडूवर आलो आहोत. पुसलेली रेघ खाता येत नाही, हा तिचा मोठा गुण.

रेघांहून मला जास्त आवडतं ते रुजवण. डिसेंबरच्या मध्याला नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवायचे आणि पसरट ताटलीत माती घेऊन पेरायचे. तीन-चार दिवसांत पांढरे मोड, आठव्या-नवव्या दिवशी चार बोटं हिरवळ. हीच पुढे गोठ्याभोवतीची शेतं होतात. पाणी घालायचं काम मुलांचं. जास्त घातलं की कुजतं, विसरलं की पिवळं पडतं, आणि दोन्हींचा निकाल दोन दिवसांत डोळ्यांसमोर. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात अगदी हेच करतात, फक्त तिथे दिवस ठरलेला आहे. 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या सणादिवशी, तीन बशांत गहू पेरायचा आणि तो नाताळच्या जेवणाच्या टेबलावर मांडायचा. सरळ, हिरवागार आला तर येणारं वर्ष पिकाचं, अशी समजूत. घटस्थापनेला परडीत माती पसरून नऊ दिवस धान वाढवणाऱ्या आपल्या लोकांना यात काय नवीन सांगायचं?

खरं तर गोठा मांडणं हीच गोष्ट मराठी मुलाला समजावून सांगावी लागत नाही. दिवाळीत त्याने किल्ला केलेला असतो. तीच माती, तेच विटांचे तुकडे आणि पोतं, उतारावर हळीव किंवा मोहरी, वर मावळे. दोन महिन्यांनी माती तीच, डोंगराऐवजी बेथलेहेमची टेकडी आणि मावळ्यांच्या जागी मेंढपाळ. आमच्या शेजारची मुलं गोठ्याला मदत करायला येतात तेव्हा हमखास एखादा मावळा किंवा तोफ मागल्या दाराने आत शिरते. एका वर्षी पहाऱ्यावर ढालतलवारवाला मावळा उभा होता आणि तो कुणालाही खटकला नाही. हेरोद राजाच्या भीतीने पळून जावं लागलेल्या कुटुंबाला पहारेकरी मिळाला तर चांगलंच.

गोठ्याची सुरुवात साधारणपणे संत फ्रान्सिसपाशी नेतात. 1223 च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्याने गव्हाण मांडली, त्यात गवत घातलं, खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं आणि तिथेच मिस्सा झाली. बहुतेकांना लॅटिन समजत नसे. जनावराचा वास, गवत आणि थंडी मात्र समजत होती. मजेची गोष्ट अशी, की शुभवर्तमानात ना बैल आहे ना गाढव. लूकने फक्त गव्हाण सांगितली. ही दोन जनावरं यशया संदेष्ट्याच्या एका वचनातून मागाहून आत आली. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, म्हणजे गोठ्यातले राजे, तीन होते, असंही कुठे लिहिलेलं नाही; भेटी तीन होत्या, म्हणून माणसं तीन धरली. मुलांना हे सांगावं का? मी सांगते. थोरलीने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग चौथा राजा रिकाम्या हाताने आला असेल." त्या वर्षी आमच्याकडे चार राजे होते.

या राजांचाही एक खेळ आहे आणि तो फुकटचा आहे. त्यांना लगेच गोठ्यात ठेवायचं नाही. त्यांचा सण 6 जानेवारीला, तोवर ते वाटेत. म्हणून सुरुवात फ्रिजवरून, मग टीव्हीच्या मागून, मग खिडकीच्या कट्ट्यावरून, असं रोज हातभर पुढे. सकाळी उठून मुलं आधी राजे कुठवर आले ते पाहतात. रात्री राजे सरकवायला विसरलं तर "आज उंटाचे पाय दुखत होते" असं सांगून वेळ मारून न्यावी लागते.

मुलांच्या स्वभावाची सगळ्यांत पक्की ओळख मात्र स्पेनमधल्या कातालान लोकांना आहे. त्यांच्याकडे नाताळला एक लाकडाचा ओंडका असतो. त्याला डोळे-नाक रंगवलेलं, पुढे दोन पाय, डोक्यावर लाल टोपी. 8 डिसेंबरपासून मुलं त्याला रोज रात्री संत्र्याच्या साली, पावाचे तुकडे भरवतात आणि थंडी वाजू नये म्हणून त्याच्यावर पांघरूण घालतात. सकाळी ताटली रिकामी. आईबाप कामाला लागलेले असतात. आणि चोवीसच्या रात्री त्याच लाडक्या ओंडक्याला काठ्यांनी बडवत, गाणं म्हणत, त्याला शी करायला सांगतात! पांघरूण काढलं की खाली खाऊ. यात कुठलीही शिकवण नाही आणि ती शोधूही नये. चार वर्षांच्या मुलाला जगात सगळ्यांत विनोदी काय वाटतं, हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी हा सण रचला.

आता फराळाकडे. वसई, मुंबई, गोवा, कुठल्याही ख्रिस्ती घरातला नाताळचा फराळ पाहिला, तर त्यातला मोठा भाग मुलांच्या हाती देण्यासारखा नाही. दोदोल म्हणजे काळा गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध तासन् तास ढवळत राहायचं. हात भरून येतो आणि उडालेला थेंब भाजतो. बेबिंकाचा एकेक थर भाजून मग वर पुढचा. तिथे मुलं म्हणजे अडचण. नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, मुलांनी भरल्या तर तेलात फुटतात. पण कलकल हा पदार्थ मुलांसाठीच शोधून काढला असावा.

मैदा, थोडा रवा, अंडं, साखर, चमचाभर लोणी आणि भिजवायला नारळाचं घट्ट दूध. पीठ शंकरपाळ्यांपेक्षा जरा मऊ हवं. तासभर झाकून ठेवायचं. मग त्याच्या हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या. काट्याची पाठ किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेला नवा कंगवा घ्यायचा, त्याला तेलाचं बोट लावायचं. गोळी दातांवर ठेवून अंगठ्याने दाबत पुढे पसरायची आणि तशीच उलटी गुंडाळत आणायची. नीट जमलं तर हातात एक छोटा शिंपला येतो, बाहेरून रेघांचा, आतून पोकळ. गोव्यात याला किडयो म्हणतात, म्हणजे किडे, आणि हे नाव कळल्यावर आमच्याकडच्या कामाचा वेग दुप्पट झाला.

हा आकार नुसत्या शोभेसाठी नाही. गोळी तशीच तळली तर बाहेरून तांबूस होते आणि आत कच्ची राहते. पातळ पसरून गुंडाळल्यामुळे तेल आतल्या पोकळीपर्यंत पोहोचतं आणि सगळीकडून सारखं तळलं जातं. रेघांमुळे पाकाला धरायला जागा मिळते. म्हणून गुंडाळताना टोक जरा सैल ठेवायचं. घट्ट चिकटवलं तर तोच कच्चेपणा. हे धाकट्याला सांगून उपयोग नव्हता. त्याने केलेले दहा कलकल वेगळे तळले, मधोमध तोडून दाखवले, तेव्हा त्याने एकेक आत कच्चा आहे का ते चाखून पाहिलं आणि पाकासाठी एकही उरला नाही.

दुपारी तीनला बसलं तर संध्याकाळ होते. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर स्वच्छ पंचा, भोवती आजी, मावश्या, शेजारच्या दोघी आणि मुलं. प्रत्येकाचा कलकल ओळखू येतो. आजीचे एका मापाचे, जणू साच्यातून काढलेले. माझे लांबट. थोरलीचे सुरुवातीला नेटके आणि पाच वाजल्यावर कसेही. धाकट्याने एक गोगलगाय, एक साप आणि एक "नुसतं" केलं. तळण मात्र मोठ्यांचंच, आणि ते मुलं उठल्यावर, दुसऱ्या खोलीत. एवढी एक गोष्ट सोडली तर त्या पंच्याजवळ मुलांना नको म्हणायची वेळ येत नाही, आणि सणाच्या घरात असा कोपरा मिळणं सोपं नाही.

मग ताटं निघतात. गोव्यात या ताटातल्या गोडधोडाला कोन्सुआद म्हणतात, मंगळूरकडे कुस्वार. ताटावर विणलेला रुमाल घालून ते शेजारी पोहोचवायचं काम परंपरेने मुलांचं. ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, तिथे तळण करत नाहीत. तिथलं ताट आधी जातं. मुलांना दुःखाच्या घरी जायची ही पहिली वेळ असते बहुधा. तिथे गेल्यावर काय बोलायचं असं थोरलीने विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काय नको बोलू गे. ताट दे, त्यांनी जवळ बसवलं तर बस." शेजारच्या हिंदू घरातून ताट रिकामं परत येत नाही, साखर तरी घालून देतात. दिवाळीला त्यांच्या चकल्या आमच्याकडे येतात, तेव्हा आम्हीही तेच करतो.

ताऱ्याबद्दल थोडं. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ, म्हणजे आकाशकंदिलाचंच सामान. पाच टोकांचा तारा मुलांकडून करवून घ्यायचा असेल तर दोन सपाट सांगाडे पाठीला पाठ लावून मधे काड्यांनी फुगवावे लागतात, आणि तिथे बापाची मदत लागतेच. युरोपात प्रसिद्ध असलेला अनेक टोकांचा मोरावियन तारा तर शाळेतच जन्मला. 1830 च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावच्या मुलांच्या शाळेत तो भूमितीच्या तासाला कागदाचा करत. सणाच्या निमित्ताने कोन शिकवणारा तो मास्तर आपल्याकडेही खपला असता.

सांताबद्दल मी घाईतच बोलणार आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा चौथ्या शतकातला बिशप निकोलस, त्याचा सण 6 डिसेंबरला. नेदरलँड्समध्ये मुलं त्याच्यासाठी बूट मांडून ठेवतात, त्याच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात. हे सगळं गोड आहे. पण "सांता बघतोय हं" ही धमकी माझ्या घरात चालत नाही. पोलीस, बुवा, डॉक्टर यांच्या रांगेत आणखी एक म्हातारा कशाला? आणि मॉलमध्ये दाढीवाल्या परक्या माणसाच्या मांडीवर रडणारं मूल बसवून फोटो काढणाऱ्या आईबापांना काय मिळतं, ते त्यांनाच ठाऊक.

मिस्सेचं सोपं झालं आहे. पोर्तुगीजांनी या मध्यरात्रीच्या मिस्सेला कोंबड्याची मिस्सा म्हटलं, कारण नाताळच्या रात्री कोंबडा मध्यरात्रीच आरवला अशी दंतकथा आहे. आता मुंबईत बऱ्याच ठिकाणी उघड्यावरची मिस्सा ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे रात्री दहाच्या आत संपते. जुनी मंडळी हळहळतात. लहान मुलांच्या आया नियम करणाऱ्याला मनातून दुवा देतात. तरीही धाकटा दरवर्षी प्रवचनाला झोपतो आणि घरी खांद्यावरून येतो. बाळाला गव्हाणीत ठेवायला त्याला उठवावं लागतं. डोळे मिटलेलेच असतात, हात मात्र बरोबर जागी जातो. रोममध्ये आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मुलं आपापल्या गोठ्यातला बाळ येशू खिशात घालून संत पेत्राच्या चौकात येतात आणि पोप त्या सगळ्या बाळांना आशीर्वाद देतात. पोप पॉल सहावे यांनी 1969 मध्ये ही प्रथा सुरू केली. उशीखाली बाळ ठेवणारे आमच्याकडचे एकटेच नाहीत, हे कळल्यावर मला बरं वाटलं.

पंचवीस तारीख म्हणजे जेवण, पाहुणे, नवे कपडे आणि संध्याकाळी पोटदुखी. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. 6 जानेवारीला राजे पोहोचतात. गोव्यात रेइश मागुश आणि चांदर गावी त्या दिवशी राजांचे पोशाख घातलेली तीन मुलं घोड्यावरून निघतात. आमच्याकडे घोडे नाहीत, म्हणून राजे एका खेळण्यातल्या ट्रकमधून शेवटचा टप्पा गाठतात. दोन-तीन दिवसांनी आवराआवर. तोवर नाचणीची शेतं वाढून लोळलेली असतात. ती कापून शेजारच्या शेळीला. शेळी ती कशी खाते ते पाहण्यात अर्धी सकाळ जाते.

यंदा बाळ येशू रुमालात गुंडाळताना धाकटा बाजूला उभा होता. त्याने आपला एक लोकरी मोजा आणून दिला आणि येशूला मानेपर्यंत त्यात घातलं. साड्यांच्या कप्प्यात जागा केली. आणि कपाटाचं दार आता बोटभर उघडं असतं. बंद केलं, की कुणीतरी येऊन परत उघडतं.